आमची सोईस्कर दया

धुळें-जळगांवकडील एखाद्या घरांत लहान मुलास रक्ताचा कर्करोग झाल्याची वार्ता फुटली, म्हणजे समाचारास येणाऱ्या मंडळींच्या तोंडीं दोन-तीन वाक्यें ठरलेलीं असतात. “देवाला आवडतात तीं अशींच लवकर जातात,” हें पहिलें. “मुंबईस नेऊन त्या कोवळ्या जिवाचे हाल कशाला करतां ?” हें दुसरें. तिसरें ओसरीवर बोललें जात नाहीं. तें रस्त्याला लागल्यावर बोललें जातें. “जमीन विकून बसतील, आणि पोरही हातचें जाईल.” हीं वाक्यें बोलणारे लोक दुष्ट असतात असें नव्हे. त्यांच्या डोळ्यांत खरें पाणी असतें. त्यांपैकीं कित्येक रात्रीं डबा घेऊनही येतात. म्हणूनच त्यांचा परामर्श घेणें आम्हांस अवश्य वाटतें. दुष्टाव्याला लोक निदान ओळखतात व त्याच्यापासून दूर सरतात. ही ओल्या डोळ्यांची दया मात्र थेट मुलाच्या खाटेपर्यंत जाऊन बसते, आणि तिचा सल्ला बहुतेक वेळां मानला जातो.

ज्या समजुतीवर ही दया उभी आहे, ती समजूत एके काळीं खरी होती हें आम्ही नाकारीत नाहीं. १९४७ पर्यंत हा रोग झालेलें मूल कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत जाई, आणि वैद्याला आईबापांचें सांत्वन करण्यापलीकडे फारसें कांहीं करतां येत नसे. त्या वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथील सिडनी फार्बर यांनीं एका नव्या औषधाचा प्रयोग आरंभिला, व सोळा मुलांपैकीं दहांस, तात्पुरता कां होईना, गुण आल्याचें १९४८ सालीं प्रसिद्ध केलें. हीं औषधें ज्या प्रयोगशाळेंत सिद्ध झालीं तेथील संशोधनाचे प्रमुख आमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. आणि ज्या जीवनसत्त्वाची वाट अडवून हीं औषधें काम करतात, त्याचा पहिला माग लूसी विल्स या इंग्रज विदुषीस लागला तो मुंबईंतच, रक्तक्षयानें पीडलेल्या गरीब गरोदर स्त्रियांचा अभ्यास करतांना. तेव्हां ही विद्या म्हणजे परदेशांतून आलेली श्रीमंतांची चैन, असें म्हणणाऱ्यांनीं तिचें गोत्र एकदां तपासून पाहावें. तिचें एक मूळ तर आमच्या अंगणांतच आहे. पाण्यावांचूनही तग धरणारी जी सदाफुली खानदेशांत दारोदार दिसते, तिच्यापासूनच व्हिंक्रिस्टिन हें औषध निघालें, आणि मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत तें आजही अग्रस्थानीं आहे. (हें वाचून कोणी सदाफुलीचा काढा करून मुलास पाजूं नये. ती वनस्पति विषारी आहे. आणि काढ्यांचे पुरस्कर्ते आमच्याकडे आधींच गरजेपेक्षां अधिक आहेत.)

आज श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकीं शेंकडा ८० हून अधिक बरीं होतात. गरीब देशांत कित्येक ठिकाणीं हें प्रमाण शेंकडा ३० च्याही खालीं आहे. हे आंकडे जागतिक आरोग्य संघटनेचे असून, २०३० पर्यंत निदान शेंकडा ६० मुलें जगावीं असा संकल्प तिनें २०१८ सालीं सोडला आहे. रोग तोच आहे, औषधेंही बव्हंशीं तींच आहेत. त्यांतलीं पुष्कळशीं जुनीं व स्वस्त आहेत. मग मधलीं पन्नास मुलें जातात कोठें ? कांहीं निदान उशिरां झाल्यामुळें जातात, कांहीं जंतुसंसर्गानें जातात, आणि कांहीं अशीं जातात कीं ज्यांच्या मृत्यूची नोंदच होत नाहीं. तीं एके दिवशीं रुग्णालयांत यायचीं थांबतात, इतकेंच.

या शेवटच्या मुलांविषयीं वैद्यानें काय करावें, हा आमच्या वादाचा खरा विषय आहे. जुन्या वैद्यकाचें उत्तर सरळ होतें. रोगी आला तर औषध द्यावें. नाहीं आला तर तो त्याचा व त्याच्या दैवाचा प्रश्न. फार्बर यांनीं हें उत्तर मानलें नाहीं. मुलाचें औषध, त्याचें अन्न, त्याच्या कुटुंबाची विवंचना, त्याचें शिक्षण, हें सारें एकाच छपराखालीं व एकाच जबाबदारींत असलें पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह आपल्याकडे कोणी चालवून दाखविला असेल तर तो परळच्या टाटा स्मारक रुग्णालयानें. हें रुग्णालय १९४१ चें. तेथें डॉ. सुरेश अडवाणी (लहानपणींच पोलिओनें पाय गेलेला हा मनुष्य चाकाच्या खुर्चीवरून साऱ्या कक्षाची फेरी घेई) व त्यांचे सहकारी यांनीं ‘एम. सी. पी. ८४१’ या नांवाची उपचारपद्धति रूढ केली. मुंबई, दिल्ली व मद्रास या तिन्ही ठिकाणीं एकाच पद्धतीनें मुलांवर उपचार होऊं लागले, आणि जगणाऱ्या मुलांची संख्या वाढली. पण औषधाची पद्धति कितीही चोख असली, तरी अडीच-तीन वर्षें चालणारे हे उपचार घेण्यास मूल जागेवर असावें लागतें. बाप मजुरीवर, आई फुटपाथवर, दुसरीं दोन भावंडें गांवीं आजीकडे, अशा स्थितींत मूल जागेवर राहत नाहीं.

डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या कार्याचें महत्त्व आम्हांस येथें दिसतें. बालकर्करोगविभागाचें नेतृत्व करतांना त्यांनीं गळून जाणारें मूल हें वैद्यकाचेंच अपयश मानलें. उपचार अर्धवट सोडणाऱ्यांचें प्रमाण तेथें २००९ च्या सुमारास शेंकडा २० च्या घरांत होतें. तें कांहीं वर्षांतच शेंकडा ५ च्या आसपास आलें. यासाठीं कोणतेंही नवें औषध शोधावें लागलें नाहीं. ‘इम्पॅक्ट’ प्रतिष्ठानामार्फत पैशाची सोय झाली, समाजसेविका नेमल्या गेल्या, ठरल्या दिवशीं जो आला नाहीं त्याच्या घरीं दूरध्वनि जाऊं लागला. ‘सेंट ज्यूड’ या संस्थेनें २००६ पासून गांवाहून आलेल्या कुटुंबांस उपचार संपेपर्यंत राहावयास स्वच्छ खोली व चूल पेटविण्यास जागा देण्यास प्रारंभ केला. ती जागा विनामूल्य. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा तर असल्या रोग्यांस आसरा देतच आहे. आणि बरें झालेलें मूल हें संपलेलें प्रकरण नव्हे, तें पुढें कसें वाढतें, शिकतें, संसार करतें हें पाहणें वैद्याचेंच काम आहे, म्हणून उपचार संपलेल्या मुलांसाठीं परळला १९९१ पासून स्वतंत्र चिकित्सालय चालतें. त्यांतूनच बऱ्या झालेल्या तरुण मंडळींचा ‘उगम’ नांवाचा मेळावा उभा राहिला.

यावर एक सुशिक्षित आक्षेप नेहमीं येतो. तो असा, कीं हें सारें स्तुत्य खरें, पण हा धर्मादाय झाला. हें वैद्यक नव्हे. वैद्यानें वैद्याचें काम करावें, धर्मशाळा चालवूं नये. आमचा उलट प्रश्न असा कीं, वैद्याचें काम म्हणजे काय, हें ठरवितें कोण ? चार आठवडे सलग उपचार चुकले तर उपचार सोडले असें या शास्त्रांत समजतात, आणि सोडलेला रोग बहुधा अधिक बळ घेऊन परत येतो. तेव्हां ज्या कारणानें तीं चार आठवडे चुकतात, तें कारण दूर करणें हें औषधाच्या मात्रेइतकेंच वैद्यकीय कृत्य आहे. रावेर-यावलकडचा केळीचा बागाईतदार याला समजावून सांगावें लागणार नाहीं. करपा पडल्यावर एक फवारणी मारून तो “बाकीचें केळीचें नशीब” असें म्हणत नाहीं. पाणी, खत, निचरा, वारा, सारें पाहतो. रात्रीं-अपरात्रीं जळगांवास येऊन सल्ला घेतो. खोडाबद्दल जी समज आहे ती पोराबद्दल कां नसावी ?

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा वेष घेऊन येतो. एकूण कर्करोग्यांत मुलें शेंकडा चारांच्या आसपास. मग सरकारनें आधीं पिण्याचें पाणी द्यावें, कुपोषण हटवावें. ऐकावयास हें शहाणपणाचें वाटतें. पण हाच हिशेब साठ वर्षांच्या श्रीमंताच्या हृदयावर शस्त्रक्रिया होते त्या वेळीं कोणी मांडीत नाहीं. बरा झालेला सहा वर्षांचा मुलगा पुढें साठ वर्षें जगणार असतो. हिशेबच करावयाचा तर तो पुरता करावा. शिवाय उपचाराच्या खर्चाचा मोठा भार आतां शासनानें उचललेला आहे. २०१२ सालीं निघालेली व २०१७ पासून महात्मा फुल्यांचें नांव धारण करणारी जनआरोग्य योजना कर्करोगाचे उपचार देते; रेल्वेची व एस. टी. ची सवलतही आहे. जमीन विकावी लागेल ही भीति त्यामुळें पुष्कळशी जुनी झाली आहे. बुडणारी मजुरी, मुंबईचें भाडें, घरीं राहिलेल्या भावंडांची आबाळ, हीं मात्र कोणत्याही योजनेच्या कागदावर बसत नाहींत, आणि नेमकीं तींच कुटुंबाला गांवीं परत ओढतात.

आतां एक अशी गोष्ट, जी आमच्या भागांतील सभ्य लोकांस ऐकणें आवडणार नाहीं. ही दया मुलगा व मुलगी असा भेद करते. दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेंतील तज्ज्ञांनीं मोठ्या रुग्णालयांच्या नोंदी तपासून जें अलीकडे मांडलें त्याचें सार असें, कीं हा रोग मुलग्यांस निसर्गतः थोडा अधिक होतो हें जमेस धरूनही, उपचारास आणल्या जाणाऱ्यांत मुलींची संख्या असावी त्याहून पुष्कळ कमी असते. आणि अंतर व खर्च जसजसा वाढतो तसतशी ही तफावत वाढते. आम्ही परळपासून चारशें किलोमीटरांवर राहतों. आणि आमच्या जळगांव जिल्ह्यांत २०११ च्या जनगणनेनुसार सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागें मुली होत्या ८४२. ज्या जिल्ह्यानें हजारीं दीडशेंहून अधिक मुली कमी भरविल्या, तो जिल्हा जन्मलेल्या मुलीच्या रक्ताच्या कर्करोगासाठीं आगगाडीचें तिकीट सहजपणें काढील, असें कोणीं मानावें ? सोन्याच्या पेढ्यांसाठीं नांवाजलेल्या या शहरांत मुलीच्या लग्नाला पंचवीस तोळे कमी पडले तर बापाला झोंप येत नाहीं. त्याच मुलीच्या अंगावर निळे-काळे डाग उठले, महिनाभर ताप हटेना, तर “पोरीच्या जातीला इतकें काय” असें म्हणणारे निघतात. असल्या घरीं “तिचे हाल करूं नका” या वाक्याचा अर्थ काय होतो, हें वाचकांनींच ठरवावें. मुलग्याच्या बाबतींत हाल सोसवेनासे होतात ते सारे उपाय संपल्यावर. मुलीच्या बाबतींत ते पहिल्या सुईआधींच सोसवेनासे होतात!

उपचारांत हाल नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. केस जातात, तोंड येतें, ओकाऱ्या होतात, कण्यांत सुई घालावी लागते. पण या हालांवर इलाज आहे. ओकारीवर औषध आहे, सुईआधीं गुंगी देतां येते, तोंडासाठीं निगा आहे. जो वैद्य हें करीत नाहीं, मुलाला चार माणसांकडून दाबून धरून सुई टोचतो व “रडूं दे, लहान आहे, विसरेल” म्हणतो, तो या खोट्या दयेचा सर्वांत मोठा मित्र होय. कारण त्याचें उदाहरण देऊनच पुढचीं दहा मुलें घरीं ठेवलीं जातात. आणि जेथें रोग खरोखर हाताबाहेर गेला, तेथेंही “घरीं न्या” हें उत्तर अर्धवट आहे. घरीं न्या, पण वेदनेवरचें औषध बरोबर द्या. मॉर्फीन महाग नाहीं. तें रुग्णालयांपर्यंत पोंचूं न देणारे परवान्यांचे जंजाळ सैल व्हावें म्हणून २०१४ सालीं संसदेनें कायदाही बदलला. असें असतां हाडांपर्यंत रोग गेलेल्या मुलास साध्या तापाच्या गोळीवर घरीं धाडणें व त्याला शांत मृत्यु म्हणणें, हा शब्दांचा दुरुपयोग होय.

मुलाला खरें सांगावें कीं नाहीं, या प्रश्नावर आमच्या मराठी वाचकाचा अभ्यास एका चित्रपटानें झालेला आहे. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ २००४ सालीं आला. राष्ट्रीय पारितोषिकांत सुवर्णकमळ मिळवून गेला. माधवी घारपुरे यांच्या कथेवरून घेतलेल्या त्या चित्रपटांत कोंकणांतल्या लहानग्या परशुरामास डोळ्यांचा कर्करोग आहे, आणि दोन्ही डोळे काढल्यावांचून जीव वांचणार नाहीं. ही कृति सर्वांनीं पाहिली, सर्व रडले; पण काय पाहून रडले, याचा आम्हांस राग आहे. ज्याला विचारावें तो आजोबांचा शहरांतला तो शेवटचा फेरफटका सांगतो. शस्त्रक्रियेआधीं मुलाला सांगितलेंच पाहिजे, त्याच्या अपरोक्ष त्याचे डोळे काढतां येणार नाहींत, हा डॉक्टरांचा आग्रह कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. त्या आग्रहावांचून तो फेरफटका घडताच ना. आणि मुलगा शेवटीं जिवंत घरीं परततो, ही तर जणूं उपकथा होऊन बसली आहे. मरणाऱ्या मुलाचा आम्हांला साहित्यांत इतका सराव झाला आहे, कीं जगलेलें मूल समोर आलें तरी आम्ही त्याच्यासाठीं मर्तिकाचेच अश्रु ढाळतों. वाङ्मयाचा अध्यापक या नात्यानें आम्ही हें विशेष खेदानें लिहितों.

सात वर्षांच्या मुलाला कांहीं कळत नाहीं, हें आईबापांचें म्हणणें खोटें असतें. तें त्यांनाही ठाऊक असतें. मुलाला आईचा चेहरा कळतो. दारामागचें कुजबुजणें कळतें. शेजारच्या खाटेवरचें मूल काल होतें व आज नाहीं, हें तर सर्वांआधीं त्यालाच कळतें. त्याला जें सांगितलें जात नाहीं त्याच्या जागीं तें स्वतः कल्पना करतें, आणि बहुधा ती कल्पना अशी असते कीं आपण कांहीं वाईट केलें म्हणून ही शिक्षा झाली. चांगला बालवैद्य यासाठींच खाटेवर बसतो, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर येतो, रोगाचें नांव घेतो, सुई दुखेल तर ‘दुखेल’ म्हणतो. “मुंगी चावल्यासारखें होईल” असें म्हणून जो डॉक्टर सुई टोचतो, त्याच्यावर तें मूल पुढें अडीच वर्षें विश्वास ठेवीत नाहीं. आणि अडीच वर्षें विश्वास लागतो.

विश्वास बोलीनें येतो, हें येथें सांगितलें पाहिजे. शिरपूर-चोपड्याच्या वरचा पावरा बाप, साक्रीकडचा भिल्ल बाप, अमळनेर-पारोळ्याची अहिराणी बोलणारी आई हीं परळच्या दिवाणखान्यासारख्या प्रतीक्षालयांत बसलीं म्हणजे त्यांना हिंदी, इंग्रजी व पुस्तकी मराठी या तिन्ही भाषा सारख्याच परक्या असतात. “मनी पोर” म्हणून जी माउली बोलूं लागते, तिला संमतिपत्रावर अंगठा कोठें करावा एवढेंच सांगून भागत नाहीं. सही घेतली म्हणजे समजावून सांगितलें, असा जो समज कांहीं रुग्णालयांत रूढ आहे, तो दूर केल्यावांचून चार आठवड्यांचा तो हिशेब सुटणार नाहीं.

राहतां राहिला आमच्या दोन जिल्ह्यांचा प्रश्न. धुळ्यास भाऊसाहेब हिरे यांच्या नांवाचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगांवास २०१८ पासून तसेंच महाविद्यालय आहे. अस्थिमज्जारोपण तेथें व्हावें असा आमचा अविचारी हट्ट नाहीं. निदान व अवघड उपचार परळलाच होवोत. परंतु औषध दिल्यावर आठ-दहा दिवसांनीं मुलाच्या पांढऱ्या पेशी घसरतात, आणि त्या दिवसांत आलेला ताप हा तासाभरांत शिरेवाटे प्रतिजैविक मागतो. रात्रीं दोन वाजतां यावलच्या मुलास ताप चढला तर परळ उपयोगाचें नाहीं. त्या वेळीं जवळच्या डॉक्टरानें तापाची गोळी देऊन “सकाळीं पाहूं” म्हटलें, तर सकाळ उजाडेलच असें नाहीं. उत्तम पद्धतीनें उपचार चाललेलीं कितीतरी मुलें रोगानें नव्हे तर अशा संसर्गानें दगावलीं आहेत. तशीच दुसरी गोष्ट निदानाची. फिकट पडलेलें, हाडें दुखतात म्हणून चालेनासें झालेलें, वारंवार तापणारें मूल आलें तर रक्त तपासण्याआधीं स्टेरॉइडचें इंजेक्शन देऊं नये, इतकें जरी आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनीं पाळलें तरी पुष्कळ होईल. त्या इंजेक्शननें मूल चार दिवस हसूं-खेळूं लागतें, डॉक्टरचें नांव होतें, आणि रोग पडद्याआड जातो. डोळ्याच्या बाहुलींत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसते असें आई सांगते, तेव्हां तिला वेड्यांत काढूं नये.

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पांत तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाचें दिवसा उपचार देणारें केंद्र काढण्याची घोषणा झाली. आमची सूचना एवढीच कीं, खानदेशांत असें केंद्र निघतांना तें दिवसाचें व प्रौढांचेंच राहूं नये. कारण मुलें रात्रीं तापतात. धुळ्यास व जळगांवास लहान मुलांसाठीं एक वेगळी खोली असावी, रक्ताची तपासणी व रक्तबिंबिका रात्रींही मिळाव्या, परळच्या डॉक्टरांशीं बोलण्याची सोय असावी, आणि ठरल्या दिवशीं जें मूल आलें नाहीं त्याच्या घरीं जाणारा एक पगारी माणूस असावा. त्या खोलीच्या दारावर नांव कोणाचेंही घाला. देणगीदारांची खानदेशांत वाण नाहीं. मात्र आंत रात्रपाळीला जी परिचारिका बसेल, तिला मुलाची बारीक शीर सांपडली पाहिजे, आणि आईची अहिराणी कळली पाहिजे.